राज्याची हद्द आणि काउंटरवरची पुडी

पत्राचा सारांश: मूळचे सोलापूर जिल्ह्यातले एक वाचक चौदा वर्षांपासून अमेरिकेत आहेत. टेक्सासच्या पूर्व भागात आय-२० महामार्गालगत त्यांचं गॅस स्टेशन आहे. त्याच रस्त्याने हद्द ओलांडली की लुइझियानात, श्रीव्हपोर्टजवळ, मेहुण्याच्या भागीदारीत दुसरं आहे. दोन्ही दुकानांत क्रेटम, म्हणजे थायलंड-मलेशियाकडच्या एका झाडाच्या पानापासून केलेला, अफूसारखा परिणाम करणारा माल, विकला जायचा: हिरवी पूड, कॅप्सूल, छोट्या बाटल्यांतले शॉट आणि अलीकडे ‘सेव्हन-ओएच’ (क्रेटममधलाच एक जोरदार घटक) छापलेल्या गोळ्या. लुइझियानात बंदी आल्यावर तिथली विक्री थांबली, पण दोन खोकी माल मागच्या खोलीत अजून पडून आहे. तो गाडीत घालून टेक्सासच्या दुकानात आणू या, असं मेहुणे म्हणतात. टेक्सासच्या दुकानात या मालावर महिन्याला २,२०० डॉलर सुटतात. डिस्ट्रिब्युटरने ‘इथे शंभर टक्के लीगल’ असं सांगून लॅब रिपोर्टही दिला आहे. पत्नी दुपारी काउंटरवर असतात. पंचविशीतला एक मुलगा रोज, कधी दिवसातून दोनदा गोळ्या घ्यायला येतो, हे पाहून त्या म्हणतात की ही सरळ अफूच आहे, बंद करा. वाचकांना यंदा नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. ते विचारतात: सरकारने बंदी घातलेली नाही, मग विकायला हरकत काय?

नमस्कार,

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे, पण खरा धोका मधल्या एका ओळीत आहे. म्हणून आधी त्या दोन खोक्यांचं बोलू.

ती गाडीत घालू नका. मेहुण्यांनाही घालू देऊ नका. लुइझियानात १ ऑगस्ट २०२५ पासून क्रेटमचं पान, पूड आणि त्यातले दोन्ही मुख्य अल्कलॉइड (शरीरावर परिणाम करणारे वनस्पतीतले रासायनिक घटक) बंदी असलेल्या पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहेत. तिथे विकणं जसा गुन्हा आहे तसंच जवळ बाळगणंही. ‘विक्री बंद केली म्हणजे आपण सुटलो’ हा तुमचा समज इथेच चुकतो. दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांनी माल सापडला तर तो स्वतःसाठी ठेवलाय असं कोणी मानणार नाही, विक्रीसाठी ठेवल्याचाच आरोप होईल. टेक्सासची हद्द वीस मिनिटांवर असली तरी ती वीस मिनिटं तुम्ही लुइझियानाच्या रस्त्यावर तो माल वाहत असता. मागचा दिवा बंद आहे म्हणून पोलिसाने गाडी थांबवली तरी पुरे.

मग करायचं काय? खोलीला कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. माल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, संडासात ओतू नका. डब्यातून तो कोणाच्याही हाती लागेल, आणि उद्या चौकशी झाली तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसेल. डिस्ट्रिब्युटरला परस्पर बोलावून न्यायलाही सांगू नका, कारण तोही त्याच राज्यातून वाहतूक करणार. लुइझियानात वकिलीचा परवाना असलेला फौजदारी वकील गाठा. माल पोलिसांच्या ताब्यात कसा द्यायचा आणि पोच कशी घ्यायची, हे त्याला ठरवू द्या. खरेदीची इन्व्हॉइस शोधून ठेवा. माल बंदीच्या आधी घेतला होता हे त्यावरच्या तारखेवरूनच सिद्ध होईल. भागीदारी आहे म्हणून मेहुण्यांना वेगळा वकील लागेल का, तेही विचारा. आणि या विषयावर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका.

हे काम या आठवड्यात करा. बाकीचं शांतपणे पाहता येईल.

आता ‘बंदी नाही’ या शब्दांकडे येऊ. बंदी नसणं आणि परवानगी असणं हे आपण एकच धरतो. क्रेटमच्या बाबतीत ते तसं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्याच्या यादीत क्रेटमचं झाड घातलेलं नाही. अमली पदार्थांवर कारवाई करणारी केंद्रीय यंत्रणा असलेल्या डीईएने ऑगस्ट २०१६ मध्ये त्यातले दोन मुख्य अल्कलॉइड तात्पुरते पहिल्या यादीत घालायचा इरादा जाहीर केला होता. लोकांचा विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. तिथून पुढे प्रत्येक राज्याने आपापली वाट धरली. पण अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएची भूमिका ठाम आहे: क्रेटम औषध म्हणून, आहारपूरक म्हणून किंवा खाण्याच्या पदार्थात घालून कायदेशीरपणे विकता येत नाही. परदेशातून येणारा माल बंदरातच अडवण्याचा आदेश २०१४ पासून आहे. म्हणजे टेक्सासमध्ये पुडी विकल्याबद्दल तुम्हाला कोणी तुरुंगात टाकणार नाही, पण तीच पुडी केंद्रीय अन्नकायद्याच्या नजरेत सदोष माल आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

राज्याराज्यांत तर इतका फरक आहे की थक्क व्हावं. तुमच्यापासून थोड्याच अंतरावर टेक्सारकाना शहर आहे. तिथल्या स्टेट लाइन अॅव्हेन्यूवर रस्त्याच्या एका बाजूला टेक्सास आणि दुसऱ्या बाजूला अर्कांसा. अर्कांसात २०१६ पासून बंदी आहे, म्हणून एका फुटपाथवरचा माल पलीकडे नेला की गुन्हा होतो. अलाबामातही २०१६ पासून बंदी, विस्कॉन्सिन आणि इंडियानात त्याच्याही आधीपासून. उलट यूटाने २०१९ मध्ये विक्रीला नियम लावणारा पहिला कायदा केला आणि पुढे बऱ्याच राज्यांनी तोच साचा उचलला. फ्लोरिडात ग्राहक २१ वर्षांचा हवा. जॉर्जियात १ जानेवारी २०२५ पासून वय २१ केलं आहे आणि माल ग्राहकाच्या हाताला लागेल असा मांडून चालत नाही, तो दुकानदाराच्याच ताब्यात हवा. इलिनॉयमध्ये राज्याची परवानगी आहे, पण एडवर्ड्सव्हिल आणि ऑल्टनसारख्या गावांनी आपल्यापुरती बंदी घातली. सॅन डिएगो शहराने २०१६ मध्येच घातली होती. ऱ्होड आयलंडने २०१७ मधली बंदी उठवून १ एप्रिल २०२६ पासून नियमबद्ध विक्रीचा कायदा केला, तर लुइझियाना त्याच काळात बरोबर उलट्या दिशेला गेलं. इतर वाचकांना म्हणून सांगतो: नुसतं राज्याचं नाव पाहून भागत नाही. काउंटीचा आणि शहराचा ठरावही पाहावा लागतो, आणि तो सहा महिन्यांनी पुन्हा पाहावा लागतो. शहराच्या क्लार्कला एका ओळीचा ईमेल करून उत्तर लेखी मागवा. फोनवरचं ‘हो, चालतं’ उद्या कामाला येत नाही.

टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून आहे, आरोग्य व सुरक्षा संहितेचं ४४४ वं प्रकरण. तो लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि तुम्ही तो स्वतः वाचावा अशी माझी विनंती आहे. १८ वर्षांखालच्या व्यक्तीला विकणं हा गुन्हा आहे. लेबलवर वापराच्या सूचना आणि एका वेळचं प्रमाण हवं. कृत्रिमरीत्या बनवलेला अल्कलॉइड चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेव्हन-ओएच, म्हणजे ७-हायड्रॉक्सीमित्रागायनीन, एकूण अल्कलॉइडच्या २ टक्क्यांहून जास्त असता कामा नये.

या २ टक्क्यांपाशी थांबू, कारण तुमच्या डिस्ट्रिब्युटरचं ‘शंभर टक्के लीगल’ इथेच कोसळतं.

लॅब रिपोर्ट समोर घ्या. समजा पुडीच्या रिपोर्टवर एकूण अल्कलॉइड २.० टक्के आणि सेव्हन-ओएच ०.०३ टक्के लिहिलंय. ०.०३ ला २.० ने भागा: ०.०१५, म्हणजे दीड टक्का. बसलं. आता गोळीचा रिपोर्ट घ्या. एका गोळीत सेव्हन-ओएच १५ मिलिग्रॅम आणि एकूण अल्कलॉइड १६ मिलिग्रॅम असतील, तर प्रमाण झालं जवळपास ९४ टक्के. ही गोळी टेक्सासच्या कायद्यात कुठूनही बसत नाही. पण विकणारा काय करतो? गोळीचं वजन ७५० मिलिग्रॅम, त्यातले १५ मिलिग्रॅम, म्हणून ‘बरोब्बर २ टक्के’ असं दाखवतो. भागाकार वजनाने केला की आकडा नियमात बसल्यासारखा दिसतो. कायद्याला वजन नको आहे, अल्कलॉइडची बेरीज हवी आहे. तुमच्या रिपोर्टवर आज रात्री हा भागाकार करून पाहा. मागच्या खोलीतल्या खोक्यांइतकाच धोका तुमच्या टेक्सासच्या काउंटरवर उभा असण्याची शक्यता मला दिसते.

रिपोर्टवर आणखी काही गोष्टी पाहायच्या. त्यावरचा बॅच नंबर आणि पाकिटावरचा बॅच नंबर तंतोतंत जुळायला हवा. बहुतेक वेळा एकाच जुन्या बॅचचा रिपोर्ट वर्षभर सगळ्या मालाला लावलेला असतो. प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यतेची आहे का ते पाहा, आणि रिपोर्ट डिस्ट्रिब्युटरने पाठवलेल्या पीडीएफवर न पाहता प्रयोगशाळेच्याच संकेतस्थळावर किंवा क्यूआर कोडवरून उघडा. शिसं आणि इतर जड धातू, तसंच साल्मोनेला हे आजार पसरवणारे जिवाणू, यांची तपासणी झालेली हवी. २०१८ मध्ये क्रेटममधून पसरलेल्या साल्मोनेलाने ४१ राज्यांतले १९९ लोक आजारी पडले होते, आणि एफडीएने सक्तीने माल परत मागवण्याचा अधिकार तेव्हाच पहिल्यांदा आदेश काढून वापरला. तो मालही ‘नैसर्गिक’ म्हणूनच विकला जात होता.

वहिनींच्या बोलण्याकडे येतो. त्या म्हणतात तसं हे अफू नाही. क्रेटम कॉफीच्या कुळातलं झाड आहे, आपल्या रानातल्या कळंबाचा जवळचा भाऊबंद. थायलंड-मलेशियाकडचे कष्टकरी त्याचं पान पिढ्यान्‌पिढ्या चघळत आले. थायलंडने १९४३ मध्ये घातलेली बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठवली. पण त्यातलं मुख्य अल्कलॉइड, मित्रागायनीन, शरीरात अफू जिथे काम करते त्याच ग्राहींवर (पेशींवरच्या रिसेप्टरवर) काम करतं, आणि सेव्हन-ओएच तेच काम कितीतरी जोराने करतं. पानात ते अगदी नाममात्र असतं. गोळीतलं बहुधा पानातून काढलेलंही नसतं, मित्रागायनीनवर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेलं असतं. मोहाचं फूल भाकरीत घालून खाणं वेगळं आणि मोहाची पहिल्या धारेची वेगळी. इथला फरक त्याहूनही मोठा आहे. म्हणून वहिनी वनस्पतीबद्दल थोड्या चुकत असतील, पण काउंटरवरच्या त्या गोळीबद्दल त्यांचा अंदाज तुमच्या डिस्ट्रिब्युटरपेक्षा खरा आहे. २९ जुलै २०२५ ला एफडीएने सेव्हन-ओएच केंद्रीय यादीत घालण्याची शिफारस केली. पुढचं पाऊल डीईएचं. फ्लोरिडाने तर त्याच ऑगस्टमध्ये तातडीचा नियम काढून संहत सेव्हन-ओएच पहिल्या यादीत घातलं.

याचा तुमच्या नागरिकत्वाशी थेट संबंध आहे. ग्रीन कार्डधारकाला अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. मात्र तो पदार्थ केंद्रीय यादीतला असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या मेलुली खटल्यात स्पष्ट केलं. राज्याच्या यादीत आहे पण केंद्राच्या नाही, अशा पदार्थाला त्यामुळे थोडा आडोसा मिळतो. त्या आडोशाच्या भरवशावर धंदा करू नका, सेव्हन-ओएच केंद्रीय यादीत गेलं की तो उरत नाही. शिवाय नागरिकत्वाच्या अर्जात अटक आणि साधं सायटेशनही (पोलिसांनी हातात दिलेली नोटीस) सांगावं लागतं, शिक्षा झाली नसली तरी. काही प्रकरण उद्भवलंच तर ‘दंड भरून मिटवू’ म्हणून गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. फौजदारी वकिलाने हा धोका अशिलाला सांगायलाच हवा, असं २०१० पासून न्यायालयाचं बंधन आहे, तरी आपण होऊन विचारलेलं बरं.

टेक्सासचा दंड तसा किरकोळ आहे: पहिल्या वेळी २५० डॉलर, दुसऱ्या वेळी ५००, पुढे दर वेळी १,०००. बहुतेक दुकानदार हा आकडा ऐकून निश्चिंत होतात. मोठं नुकसान दिवाणी दाव्यात होतं. २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या एका मृत्यूबद्दल केंद्रीय न्यायालयाने विक्रेत्याला १ कोटी १० लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात ज्युरीने २५ लाख डॉलरचा निकाल दिला. या दोन्ही राज्यांत क्रेटमवर बंदी नव्हती. ‘आम्ही नाही ठेवलं तर समोरचा ठेवेल’ असं तुम्ही लिहिलंय, आणि ते खरंही असेल. पण दावा ज्याच्या दुकानाची पावती सापडते त्याच्यावर होतो.

म्हणून तुमच्या विमा एजंटला ईमेल करा. एकच प्रश्न विचारा: माझ्या जनरल लायबिलिटी पॉलिसीत क्रेटम विकल्यामुळे झालेली इजा धरली आहे की वगळली आहे, कलम दाखवा. अशा पॉलिसींत हा माल वगळणारं कलम बऱ्याचदा असतं. डिस्ट्रिब्युटरकडे त्याच्या उत्पादन-दायित्व विम्याचं प्रमाणपत्र मागा आणि त्यात तुमच्या कंपनीचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालायला सांगा. ‘पाठवतो’ म्हणून तो टाळत राहिला, तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा. कार्ड मशीनच्या करारात आणि इंधन कंपनीशी केलेल्या करारात कोणता माल वर्ज्य आहे, तेही उघडून पाहा. कार्ड प्रोसेसरने खातं गोठवलं तर क्रेटमच नाही, पेट्रोलचीही विक्री थांबेल.

आता माझं मत. सेव्हन-ओएचच्या गोळ्या आणि शॉट आज संध्याकाळी टेक्सासच्या काउंटरवरून काढा. एका खोक्यात भरा, मोजून यादी करा, तारीख घाला, आणि ‘हा माल टेक्सासच्या मर्यादेत बसत नाही, परत न्या, क्रेडिट द्या’ असं डिस्ट्रिब्युटरला लेखी कळवा. तो माल तुम्ही लुइझियानाकडे किंवा अर्कांसाकडे नेऊ नका. यात मला दुसरा विचारच दिसत नाही.

साध्या पुडीबद्दल दोन बाजू आहेत. रिपोर्ट नीट असेल, विमा लागू असेल, तर टेक्सासमध्ये ती ठेवणारा दुकानदार बेकायदा वागत नाही. ठेवायचीच असेल तर काउंटरमागे ठेवा. तंबाखूसाठी २१ वर्षांचं ओळखपत्र तुम्ही तपासताच, वय विचारणारी तीच सूचना मशीनमध्ये क्रेटमलाही लावा. कायदा १८ म्हणतो, पण काउंटरवर काम करणाऱ्या मुलांना दोन वेगळी वयं लक्षात ठेवायला लावलं की गर्दीत चूक होते, आणि गुन्हा काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर लागतो. कोणी विचारलं की हे कंबरदुखीला चालतं का, तर ‘आम्हाला सांगता येत नाही’ एवढंच म्हणायचं. आपल्या लोकांना सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही, पण दुखण्यावर उपाय म्हणून विकलं की ते विनापरवाना औषध ठरतं. इतकं सगळं सांभाळून तुमच्या २,२०० मधले पुडीचे किती राहतात, ते मांडून बघा. गोळ्या आणि शॉट गेले की बहुधा फार थोडे. मी तुमच्या जागी पुडीही ठेवली नसती, निदान नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत तरी.

राहिला तो मुलगा. तुम्ही एका वाक्यात त्याचा उल्लेख केलात, वहिनींनी मात्र त्याला रोज पाहिलं आहे. दिवसातून दोनदा येणं हे शौकाचं लक्षण नाही. गोळी चुकली की त्याला घाम, अंगदुखी, अस्वस्थपणा, झोप न लागणं हे होत असणार, आणि ते थांबवायला तो पुन्हा येतो. तुमच्याकडच्या गोळ्या एकाएकी बंद झाल्या तर तो दुसरीकडे जाईल, किंवा दुसरंच काही घेईल. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर श्वास मंदावू शकतो. म्हणून गोळ्या काढाल त्या दिवशी वहिनींनीच त्याच्याशी बोलावं. रागावायचं नाही, उपदेश करायचा नाही. ‘आम्ही हे ठेवणं बंद केलंय, तुला त्रास होत असेल तर डॉक्टर यावर औषध देतात,’ एवढं पुरे. अफूवर्गीय औषधांच्या सवयीवर वापरतात ते ब्युप्रेनॉर्फिन या सवयीतही डॉक्टर वापरतात. सरकारी मदतवाहिनीचा नंबर १-८००-६६२-४३५७, चोवीस तास, विनामूल्य. विषबाधेसाठी १-८००-२२२-१२२२. दोन्ही नंबर एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात द्या. अफूवर्गीय पदार्थांचा अतिरेकी परिणाम उलटवणाऱ्या नालोक्सोनचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. एक पाकीट काउंटरखाली ठेवा, दुपारी आणि रात्री काउंटरवर असणाऱ्या प्रत्येकाला तो कसा वापरायचा हे दाखवून ठेवा, आणि कोणी हाक मारूनही उठत नसेल तर फवारा मारण्याआधी ९११ ला फोन लावायला सांगा.